पाठमोरं ताज आणि घुमटावरची राणी : मुंबई दर्शनातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई बघायला आलेल्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी चार-पाच गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. ताज हॉटेल उलटं बांधलं गेलं, ते पाहून त्याच्या वास्तुविशारदाने जीव दिला. जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलच्या दारातून परत पाठवलं, म्हणून त्यांनी ताज उभारलं. गेटवेच्या कमानीखालून पंचम जॉर्ज चालत शहरात आला. बोरीबंदरच्या घुमटावर राणी व्हिक्टोरिया उभी आहे. टॅक्सीवाला हेच सांगतो, घारापुरीच्या बोटीवरचा माणूस हेच सांगतो, शाळेची सहल घेऊन आलेले मास्तर हेच सांगतात आणि आता मोबाइलवरच्या मिनिटभराच्या फिल्माही तेच सांगतात.

या गोष्टी रंगतदार आहेत, म्हणून टिकल्या आहेत. मला त्या खटकतात त्या एकाच कारणाने. त्यांत राजा असतो, राणी असते, अपमान असतो, सूड असतो. पण नकाशा काढणारा, ओळंबा धरणारा, दगड घडवणारा माणूस कुठेच नसतो. खरं तर दक्षिण मुंबईतल्या बहुतेक मोठ्या इमारतींच्या कर्त्यांची नावं नोंदलेली आहेत आणि त्यांतली कितीतरी आपल्याच मातीतली आहेत. ती नावं माहीत असली की इमारतीकडे बघण्याची नजरच बदलते. म्हणून हे एकेक करून तपासून घेऊ. सोबत प्रवास आणि मुक्कामाबद्दलचे काही समजही, कारण त्यांच्यापायी पाहुण्यांचा वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

गैरसमज : ताज उलटं बांधलं गेलं आणि वास्तुविशारदाने आत्महत्या केली

या कथेत एक परदेशी साहेब असतो. तो नकाशा देऊन विलायतेला जातो, परत येऊन बघतो तर हॉटेलची पाठ समुद्राकडे आणि तोंड शहराकडे, किंवा सांगणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे नेमकं उलट. मग साहेब वरच्या मजल्यावरून उडी घेतो.

ताजचा मूळ आराखडा साहेबाचा नव्हताच. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांचा. वैद्यांनी त्याआधी बोरीबंदरच्या भव्य स्टेशनाच्या उभारणीत देखरेख करणारे अभियंता म्हणून काम केलं होतं. ताज पुरं होण्याआधीच त्यांचं निधन झालं आणि उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने तडीला नेलं. अर्ध्यात माणूस गेला आणि दुसऱ्याने काम हाती घेतलं, एवढ्या खऱ्या घटनेवर आत्महत्येचा मजला चढला असावा असं मला वाटतं. बांधकामाचे ठेकेदार होते खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर. आत शिरल्यावर दिसणारा, मध्ये खांबाचा आधार नसलेला जिना त्यांच्या कल्पनेतला. तिथे उभं राहून मान वर केली की मजल्यामागून मजले कठड्याच्या चौकटींत वर चढत घुमटापर्यंत जातात. आधार कुठे आहे ते पटकन कळत नाही. हॉटेलात उतरलेलेच नव्हेत, नुसता चहा घ्यायला गेलेलेही तिथे दोन मिनिटं थांबतात.

आता तोंडाचा प्रश्न. 16 डिसेंबर 1903 रोजी ताज सुरू झालं तेव्हा त्याचं मुख्य दार शहराच्या बाजूला होतं आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं होतं. पाहुणे बग्गीतून शहराकडूनच येणार. समुद्राकडची बाजू खोल्यांसाठी राखायची, म्हणजे वारा आणि देखावा दोन्ही खोल्यांना मिळतात. पंख्यांच्या आणि खिडक्यांच्या त्या काळात मुंबईच्या उकाड्यात हे शहाणपणाचं होतं. पुढे बंदराकडची बाजू महत्त्वाची झाली, दार तिकडे आलं आणि जुन्या दाराच्या जागी आज पोहण्याचा तलाव आहे. ताज उघडलं तेव्हा समोर गेटवे नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. आज आपल्याला जो ‘पुढचा’ भाग वाटतो, तो पुढचा ठरवणारी कमान 21 वर्षांनी आली. शेजारचा उंच टॉवर तर 1973 चा. त्या जागी आधी ग्रीन्स हॉटेल होतं.

गैरसमज : अपमानाचा बदला म्हणून जमशेटजींनी ताज बांधलं

ही गोष्ट नाकारताना सावधपणे बोलायला हवं, कारण तिच्या मुळाशी असलेला वर्णभेद खोटा नव्हता. त्या काळच्या कितीतरी क्लबांत आणि हॉटेलांत हिंदी माणसाला मज्जाव होता. मात्र जमशेटजींना अमुक दिवशी वॉटसनच्या दारातून परत पाठवलं याचा त्यांच्या हयातीतला पुरावा पुढे आलेला नाही आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी या कथेवर शंका घेतली आहे. जे ठाऊक आहे ते असं : 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला, व्यापारउदीम हादरला, लोक शहर सोडून गेले. जमशेटजींनी हॉटेलसाठी जागा घेतली ती 1898 मध्ये, म्हणजे शहर खचलेलं असताना. आपल्या शहराला साजेसं, जगात कुठेही शोभेल असं हॉटेल त्यांना हवं होतं. विजेची यंत्रसामग्री मिळवायला ते स्वतः युरोपात फिरले. मला ही खरी हकीकत सूडकथेपेक्षा मोठी वाटते. ओसाड पडू लागलेल्या शहरावर एका माणसाने आपला पैसा लावला आणि हॉटेल सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत, मे 1904 मध्ये, तो वारला. पहिल्या महायुद्धात याच इमारतीचं 600 खाटांचं इस्पितळ झालं होतं. नोव्हेंबर 2008 मध्ये तिच्यावर हल्ला झाला आणि तरी ती पुन्हा उघडली, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

आणि ज्याला या कथेत खलनायक केलं, ते वॉटसन हॉटेल अजून उभं आहे, हे किती पाहुण्यांना माहीत असतं? काळा घोड्याच्या परिसरात, जहांगीर आर्ट गॅलरीपासून हाकेच्या अंतरावर, एस्प्लनेड मॅन्शन नावाची जर्जर इमारत आहे, तीच ही. रोलँड मेसन ऑर्डिश याने तिचा आराखडा केला, तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडात ओतला गेला आणि जहाजाने इथे आणून जोडला गेला. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर बेतलेली, माणसं राहतील अशी इतकी जुनी इमारत भारतात मोलाची आहे. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ याच हॉटेलात झाला. मार्क ट्वेन त्याच वर्षी इथे उतरला होता. आज खिडक्यांची तावदानं गेलेली, सज्जे टेकूंवर, आतली बिऱ्हाडं 2019 मध्ये हलवलेली. भारतीय सिनेमा जिथे सुरू झाला ती जागा अशी पडून आहे आणि आपण तिच्याबद्दल सांगतो काय, तर एक शंकास्पद अपमानकथा. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

गैरसमज : पंचम जॉर्ज गेटवेमधून चालत आला

कमानीवरचा इंग्रजी लेख वाचला की असा समज होणं साहजिक आहे. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या 2 डिसेंबर 1911 रोजीच्या आगमनाची आठवण म्हणून ही वास्तू उभारली, असं तिथे कोरलेलं आहे. आठवण म्हणून, म्हणजे नंतर. राजेसाहेब अपोलो बंदरावर उतरले तेव्हा त्यांना दिसली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. पायाचा दगड बसला 31 मार्च 1913 रोजी. जॉर्ज विटेट याचा आराखडा 1914 मध्ये मंजूर झाला. मग समुद्र मागे हटवून भराव घालण्यात काही वर्षं गेली, 1920 पर्यंत पायाचंच काम चाललं आणि 4 डिसेंबर 1924 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झालं. पंचम जॉर्ज त्यानंतर भारतात आलाच नाही. ज्याच्यासाठी कमान बांधली त्याने ती पुरी झालेली कधी पाहिली नाही.

दगड पिवळसर बेसाल्ट, मालाडजवळच्या खरोडीचा. जाळ्या ग्वाल्हेरच्या. कमानीची घडण सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या वास्तुशैलीला जवळची. उंची 26 मीटर, खर्च 21 लाख रुपये. पैसे तिथेच संपले, त्यामुळे कमानीकडे नेणारा प्रशस्त सरळ रस्ता झालाच नाही. रस्त्याने चालत आलात तर ती तुम्हाला थेट समोर न येता किंचित तिरकी भेटते, त्याचं कारण हे.

कमानीतून जाण्याचा खरा ऐतिहासिक प्रसंग कोणता, असं पाहुण्याने विचारलं तर तारीख सांगा 28 फेब्रुवारी 1948. ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, त्या दिवशी या कमानीखालून बोटीकडे गेली.

गैरसमज : बोरीबंदरच्या घुमटावर राणी व्हिक्टोरिया आहे

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मधल्या घुमटावरची बाई राणी नाही. ती ‘प्रगती’ची मूर्ती आहे, उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. थॉमस अर्प या शिल्पकाराने ती घडवली. राणीचा पुतळा होता तो खाली, दर्शनी भिंतीवरच्या घड्याळाच्या खालच्या कोनाड्यात. स्वातंत्र्यानंतर तो हलवला. कोनाडा रिकामाच आहे, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून स्पष्ट दिसतो. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह बसला आहे तो ब्रिटनचा आणि दुसरीकडे वाघ आहे तो भारताचा.

याच इमारतीबद्दल आणखी एक कथा फिरते, तीही सातासमुद्रापार. मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनाचे आणि मुंबईच्या स्टेशनाचे नकाशे लंडनच्या कुठल्याशा कचेरीत अदलाबदल झाले, म्हणून मेलबर्नला पूर्वेकडचा घुमट मिळाला आणि आपल्याला गॉथिक, असं ऑस्ट्रेलियात गेलेले आपले लोकही ऐकून येतात. तारखा समोर ठेवल्या की प्रश्न मिटतो. आपल्या स्टेशनाचं काम 1878 मध्ये सुरू होऊन 1888 मध्ये पुरं झालं. मेलबर्नच्या आराखड्याची स्पर्धा झाली 1899 मध्ये, ती तिथल्याच रेल्वेतल्या फॉसेट आणि ॲशवर्थ या दोघांनी जिंकली आणि इमारत 1910 मध्ये उभी राहिली. अकरा वर्षांआधी पुऱ्या झालेल्या इमारतीचा नकाशा कोण कुणाशी बदलणार?

तिसरा समज असा की पहिली रेल्वे याच इमारतीतून सुटली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली, 14 डबे, सुमारे 400 प्रवासी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, हे खरं. पण तेव्हाचं बोरीबंदर स्टेशन साधंसुधं होतं. आजचा राजवाडा त्यानंतर 35 वर्षांनी झाला. ती रेल्वे मुंबईत यावी म्हणून झटणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. त्यांचा चेहरा याच इमारतीच्या दर्शनी भागावरच्या गोल चौकटींत कोरलेला आहे. ओळखू आला की आनंद होतो, तो शोधाच.

इमारतीचा कर्ता फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, यात शंका नाही. समोरची महापालिकाही त्याचीच, 1893 ची. मात्र त्याच्यासोबत दहा वर्षं उभे होते सीताराम खंडेराव वैद्य, तेच ज्यांचं नाव वर ताजसाठी आलं. आणि बाहेरून दिसणारं कोरीवकाम करणारे हात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे होते, जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली. गाडी सुटायला दहा मिनिटं असली तरी तिकीटघरात, जिथे आपण उपनगरी गाड्यांची तिकिटं काढतो, तिथल्या खांबांच्या माथ्यांकडे बघून घ्या. छताच्या कमानींवर सोनेरी तारे आहेत, म्हणून त्या दालनाला तारांगणाचं नाव पडलं आहे. खांबांच्या माथ्यांवर पानं, वेली, पशुपक्षी गुंफलेले. एकाची घडण दुसऱ्यावर तशीच्या तशी सापडायची नाही. कुणीतरी आपला मोर आपल्या डोळ्यांनी बघून कोरला आहे. लाखो लोक रोज खालून जातात.

गैरसमज : हे सगळं विलायतेहून आलेलं काम आहे

हा सगळ्यात खोल रुजलेला समज आणि वरच्या सगळ्या कथांचा पाया. राजाबाई टॉवरचंच घ्या. त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आणि ते मुंबईत कधी आलेच नाहीत. नकाशे लंडनहून आले. 85 मीटर उंच मनोरा नुसत्या कागदावरून 1878 मध्ये इथल्या लोकांनी उभा केला. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावासाठी. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या 24 मूर्ती आहेत, त्यांची पागोटी, अंगरखे, उभं राहण्याच्या तऱ्हा एकीसारखी दुसरी नाही. त्या मूर्तींचं काम रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याचं. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला कच्छी भाटियाच्या पगडीचा पेच काढता आला नसता.

दगड तर इथलाच. मालाडचा पिवळसर, कुर्ल्याचा निळसर, नक्षीसाठी पोरबंदरची मऊ चुनखडी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही कुर्ला आणि मालाडच्या दगडाचं. विटेट याने त्याच्या घुमटासाठी विजापूरच्या गोल घुमटाकडे पाहिलं आणि आतल्या बाजूला नाशिकच्या एका वाड्यातली जुनी लाकडी कमानदार मांडणी आणून बसवली. वरच्या मजल्यावर सज्जात उभं राहिलं की ते काळसर लाकूड हातभर अंतरावर दिसतं. महाराष्ट्रातल्या वाड्याचा एवढा जपलेला तुकडा मुंबईत आहे आणि लोक त्याला टेकून मोबाइल बघत बसतात.

ओव्हल मैदानाच्या मधोमध जाऊन उभं राहा. एका बाजूला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. दुसऱ्या बाजूला 1930 च्या दशकातल्या गोलाकार बाल्कन्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या इमारती. या दोन रांगा आणि मरीन ड्राइव्ह मिळून 94 इमारतींचा समूह 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. बोरीबंदर त्याआधी 2004 मध्ये गेलं होतं. पश्चिमेकडची ही आर्ट डेको रांग अनेकांना हॉलिवूडची नक्कल वाटते. ती बांधणारे प्रामुख्याने जे. जे. मध्ये शिकलेले आपले वास्तुविशारद होते. ओव्हलवरचं एम्प्रेस कोर्ट गजानन बाबुराव म्हात्रे यांचं. इरॉस सिनेमा सोराबजी भेडवार यांचा. फोर्टमधली न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांची. तिच्या दर्शनी भागावरची उंचच उंच शेतकरी-कामकऱ्यांची शिल्पं एन. जी. पानसरे यांची. सिमेंट-काँक्रीट तेव्हा नवं होतं आणि या तिशी-चाळिशीतल्या मंडळींनी त्याचा वापर करून मध्यमवर्गाला स्वतंत्र ब्लॉकची घरं दिली. त्यांत खेळती हवा होती, खिडकीवर ऊन-पावसाची छपरी होती, न्हाणीघर घरात आलं होतं. मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसताना समुद्राकडे तोंड सगळेच करतात. पाच मिनिटं पाठ करून बसा.

थोडक्यात उरकण्यासारखे तीन समज

काळा घोडा चौकातला आजचा घोडा मूळचा आहे, हा एक. मूळ पुतळ्यावर सातव्या एडवर्डची स्वारी होती. तो 1965 मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. आजचा बिनस्वाराचा घोडा 2017 चा.

घारापुरीच्या दगडी हत्तीला इंग्रजांनी विलायतेला नेलं, हा दुसरा. न्यायचा प्रयत्न 1864 मध्ये झाला, उचलताना तो पडून फुटला. तुकडे पुढे जोडले गेले आणि हत्ती आज राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

तिसरा, घारापुरीची भव्य त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. पर्यटन खात्याच्या बोधचिन्हामुळे हा समज घराघरांत पोहोचला. लेणं शिवाचं आहे आणि ती मूर्ती सदाशिवाची. मधला चेहरा शांत तत्पुरुषाचा, एका बाजूला मिशा असलेला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला हातात कमळ घेतलेला कोमल वामदेव, ज्यात उमेचं रूप पाहतात. समोर उभं राहून एका कडेपासून दुसरीकडे सावकाश चालत गेलात की राग, शांती आणि लावण्य एकाच दगडात कसं उतरलं आहे ते कळतं. सहाव्या शतकातला तो कारागीर कोण, याची मात्र नोंद नाही.

गैरसमज : मुंबईत फिरायचं म्हणजे टॅक्सी हवीच

बोरीबंदर ते गेटवे हे अंतर साधारण अडीच किलोमीटर आहे. डॉ. दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौक, तिथून काळा घोडा, वस्तुसंग्रहालय, मग गेटवे. नौरोजी मार्गावरच्या इमारतींचा तळमजला रस्त्याच्या बाजूने कमानींखाली मोकळा सोडलेला आहे, म्हणजे फुटपाथ इमारतीच्या पोटातून जातो. उन्हात आणि जुलैच्या पावसातही डोक्यावर छप्पर राहतं. पादचाऱ्याचा इतका विचार केलेला रस्ता आज नव्या वस्त्यांत शोधून सापडत नाही. फेरीवाले असतात, गर्दी असते, तरी चाला. टॅक्सीतून या रस्त्याचं फक्त डांबर दिसतं.

विमानतळावरून दक्षिण मुंबईत यायला टॅक्सीशिवाय इलाज नाही, हे काही वर्षांपूर्वी जवळपास खरं होतं. आता नाही. आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो (मार्गिका 3) ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. दोन्ही टर्मिनलांना तिची स्टेशनं आहेत आणि पुढे गिरगाव, काळबादेवी, बोरीबंदर, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी ती थेट जुन्या शहराच्या पोटातून जाते. 27 स्टेशनं, तिकीट 10 ते 70 रुपये. एक खबरदारी घ्या : नवी मुंबईचं विमानतळही आता झालेलं आहे आणि ही मेट्रो तिकडे जात नाही. तिकिटावर कुठलं विमानतळ आहे ते आधी वाचा.

लोकलबद्दल बाहेरगावच्या मंडळींच्या मनात धास्ती असते. गर्दीच्या वेळा टाळल्या, सामान हलकं ठेवलं तर सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान ती निवांत असते. फर्स्ट क्लास म्हणजे एसी, असं समजून जादा पैसे मोजणारे पाहुणे भेटतात. साध्या गाडीचा फर्स्ट क्लास थंड नसतो. तिथे सीट बरी आणि गर्दी कमी, एवढंच. एसी लोकल ही वेगळी गाडी, 25 डिसेंबर 2017 पासून धावते आणि तिचं तिकीट वेगळं. फास्ट गाडी मधली स्टेशनं सोडते, तेव्हा चढण्याआधी इंडिकेटर बघा, कळलं नाही तर शेजारच्याला विचारा, मुंबईकर सांगतो. आणि मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. या एका घोटाळ्याने कितीकांच्या गाड्या चुकल्या आहेत.

दुमजली बस संपल्या, असंही ऐकू येतं. जुन्या डिझेलच्या लाल दुमजली बसने 15 सप्टेंबर 2023 रोजी निरोप घेतला, पण विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली बस बेस्टने त्याआधीच आणल्या होत्या. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर इमारतींच्या पहिल्या मजल्याची नक्षी नजरेच्या रेषेत येते, जी खालून कधी दिसत नाही. काळी-पिवळी टॅक्सीही संपलेली नाही. संपली ती प्रीमियर पद्मिनी. टॅक्सी मीटरवर चालते, मीटर टाकायला सांगा. रिक्षा मात्र वांद्रे आणि सायनच्या अलीकडे मिळणार नाही.

गैरसमज : राहायचं तर एक ताज नाहीतर लांब उपनगर

दक्षिण मुंबईत मुक्काम स्वस्त नाही, हे मान्य. तरीही मध्ये बरंच काही आहे. बोरीबंदरला आणि मुंबई सेंट्रलला रेल्वेच्या विश्रामखोल्या आहेत. प्रवासाचं पक्कं तिकीट असेल तर रेल्वेच्या संकेतस्थळावरून त्या राखता येतात. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर 2021 पासून पॉड हॉटेल आहे, एका माणसापुरत्या झोपण्याच्या कप्प्यांचं. रात्रीच्या गाडीने येऊन दिवसभर शहर बघणाऱ्या एकट्या माणसाला ते पुरतं. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना तिथे नेऊ नका. कुटुंबासाठी फोर्ट, कुलाबा आणि गिरगाव परिसरातली जुनी मध्यम हॉटेलं बघावीत. खोल्या लहान असतात, पण सकाळी सहाला दाराबाहेर पडलं की शहर पायाखाली असतं, दीड तासाचा प्रवास वाचतो.

मुंबईला अशा साध्या मुक्कामाची मोठी परंपरा आहे आणि तिचा एक पत्ता प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवा. क्रॉफर्ड मार्केटसमोरचं सरदारगृह हे एक उतारूगृहच होतं. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. मार्केटमध्ये फळं घ्यायला गेलात तर रस्ता ओलांडून ती इमारत बघून या. आणि मार्केटच्या दारांवरची शेतकरी-बाजारकऱ्यांची कोरीव चित्रं रुडयार्ड किपलिंगची, असं कुणी म्हणालं तर दुरुस्त करा : ती त्याच्या वडिलांची, लॉकवुड किपलिंग यांची. इमारत 1869 ची, तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता.

गैरसमज : सोमवारी सगळीच संग्रहालयं बंद असतात

हा शेवटचा, पण यावरच बेत फसतात. सोमवारी बंद असतात घारापुरीची लेणी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय काही राष्ट्रीय सुट्ट्या सोडल्या तर आठवडाभर उघडं असतं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, आणि बंद दिवशी तो दगडी हत्तीही नीट बघता येत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटी ऐनवेळी थांबवतात, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये तो दिवस शेवटी ठेवू नका. हाताशी दोनच दिवस असतील तर गुरुवार आणि शुक्रवार घ्या : पहिल्या दिवशी बोरीबंदर ते गेटवे पायी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एकीने घारापुरी आणि परत आल्यावर लोकलने भायखळा.